होडीला बोल लावायचा नसतो

माझ्या भाच्याला होडीच्या खणानं मारलं. हे मी घसा फोडून सांगते, आणि समोरचा माणूस मान हलवत म्हणतो, "हो ना काकी, काय ते व्हेपचं व्यसन, आजकालची पोरं ऐकतात कुठे!" म्हणून आता लिहूनच ठेवते. लिहिताना निदान मध्येच कुणी मान तरी हलवणार नाही.

मी सोनूबाई. माहेर रत्नागिरीच्या बंदरावरचं, सासर राजापूरकडे नाटे गावात. सुकी मासळी विकते. तोंडानं फटकळ आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. अजिंक्य माझ्या धाकट्या भावाचा, खंडूचा एकुलता एक मुलगा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. उंच, किडकिडीत. हसू आलं की त्याचे आधी खांदे हलायचे, मग आवाज यायचा. मला "आत्या, तुझ्या टोपलीला वास येतो, तुझ्या तोंडाला धार येते" असं म्हणायचा आणि माझा हात उठायच्या आत पळून जायचा.

झालं ते एवढंच. दिवाळीच्या तोंडावर समुद्रात वादळाचा इशारा आला आणि सगळ्या होड्या बंदरात येऊन बसल्या. खंडूची 'भैरीकृपा'ही आली. होडीच्या पोटात बर्फ आणि मासळी भरायची जी अंधारी खोली असते, तिला आम्ही खण म्हणतो. त्या खणात खताला जाणारी बारीक मासळी तशीच पडून राहिली, कारण पावसात ती न्यायला गाडी आली नाही. वरून पाणी शिरू नये म्हणून खंडूनं खणाचं झाकण लावलं आणि त्यावर ताडपत्री आवळून बांधली. बर्फाचं पाणी झालं, मासळी आत सडत राहिली. मग इशारा उठला, ऊन पडलं. अजिंक्यला सुट्टी होती. तो म्हणाला, मी धुतो खण, आणि शिडीवरून खाली उतरला.

वरून बादली सोडायला भागोजी होता; खंडू नुकताच जेटीवरून घरी गेला होता. भागोजी खंडूचा जुना खलाशी, आत डोंगराकडच्या गावातला, पन्नाशीचा माणूस. त्यानं बादली सोडली, ती कुणी धरली नाही. हाक मारली, उत्तर आलं नाही. वाकून बघितलं तर पोर मासळीत पालथं पडलेलं. भागोजी दोन पायऱ्या उतरला आणि त्याचेच पाय लटपटले. कसाबसा वर आला आणि फळ्यांवर ओकला. शेवटी शेजारच्या होडीवरच्या लोकांनी आकड्याची काठी अजिंक्यच्या पट्ट्यात अडकवून त्याला ओढून काढलं. तोवर तो गेला होता.

आता सांगा, यात समजायला अवघड काय आहे? बंद खणात मासळी सडली की विषारी वायू धरतो. बंदरावरचं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. म्हणून तर शहाणी माणसं खण उघडला की आधी तो वाऱ्याला ठेवतात, मग उतरतात. खंडूला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं आळस केला, पोरानं घाई केली, असंच तेव्हा मला वाटत होतं. इतकी साधी, इतकी भयंकर गोष्ट.

पण आमच्याकडे एक रीत आहे. होडीला बोल लावायचा नसतो. होडीवर माणूस गेला तरी होडीनं नेला असं तोंडातून काढायचं नाही. त्याचा पाय घसरला म्हणायचं, त्याला फेफरं आलं म्हणायचं, त्याची वेळ भरली म्हणायचं. एकदा का होडीला बोल लागला की तिच्यावर खलाशी चढत नाही, बायका तिच्या वाऱ्याला पोरं उभी करत नाहीत, आणि मासळीही तिच्या जाळ्यात येत नाही असं सगळे धरून चालतात. आमच्या आजोबांच्या काळापासून बंदरावरच्या प्रत्येक मेलेल्या माणसाच्या नावावर असं काहीतरी खोटं चिकटलेलं आहे. तेव्हा अजिंक्यलाही कुठलंतरी खोटं चिकटणारच होतं. फक्त या वेळी ते आयतं आलं, मुंबईपर्यंत गाजत गेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात विषारी वायू गेलेला दिसतो, नमुने तपासायला पाठवलेत, अहवाल यायला वेळ लागेल. त्याच वेळी हवालदारानं अजिंक्यच्या खिशातल्या वस्तू टेबलावर मांडल्या. कंगवा, भिजलेला मोबाइल आणि बोटाएवढी एक हिरवी नळी. नळीला आंब्याचा वास येत होता. ती व्हेप, म्हणजे वाफ ओढायची बॅटरीवरची सिगारेट, आहे हे मला तेव्हा कळलंही नाही. मला वाटलं, पेन असेल.

विनीतला मात्र कळलं. हा विनीत बंदरावरचाच. मोबाइलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो, हातात माइक, गळ्यात ओळखपत्र, आणि त्याची आई माझ्याकडून सुके बांगडे घेते. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात घुटमळत होता. त्यानं दोनच गोष्टी टिपल्या. फुप्फुसात विषारी वायू आणि खिशात व्हेप. खण बघायला तो जेटीवर गेलाच नाही. कशाला जाईल? तिथे घाण वास येतो.

आम्ही अजिंक्यला घरी आणायच्या आत बातमी फिरली होती. 'रत्नागिरीत व्हेपनं घेतला कॉलेजकुमाराचा बळी?' शेवटी प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह म्हणजे त्याची पळवाट. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या चॅनेलांनी बातमी उचलली आणि प्रश्नचिन्ह खाली पडलं. मागे भेसूर संगीत, पडद्यावर हिरवी पडत चाललेली फुप्फुसं, आणि कोपऱ्यात आमच्या अजिंक्यचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो. त्या फोटोत त्याचे डोळे अर्धवट मिटलेले होते. त्या डोळ्यांभोवती त्यांनी लाल गोल काढला होता. निवेदिका विचारत होती, "हे डोळे काय सांगतायत?" अगं भवाने, ते डोळे सांगतायत की फोटोवाल्यानं घाई केली!

आता व्हेप चांगली असते असं मी म्हणत नाही. तिच्यावर बंदी आहे, ती काही उगाच नसणार. त्याचा चुलतभाऊ रितेश मुंबईला कामाला आहे, गणपतीत आला तेव्हा त्यानं ती आणली आणि या दीडशहाण्यानं खिशात घातली. जिवंत असता तर मी त्याच्या कानफटात मारली असती, आणि रितेशच्या दोन. पण कानफटात मारण्याजोगी चूक वेगळी आणि जीव जाण्याचं कारण वेगळं. एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही.

गाव मात्र पिसाळलं. पानाच्या टपऱ्यांवर धाडी पडल्या, त्यांत गुलकंदाचे डबेही जप्त झाले. शाळांच्या फाटकात पोरांची दप्तरं उलटी करून झाडली. आमच्या गल्लीतल्या सानवीला दमा आहे, तिचा तोंडात फवारा मारायचा पंप बाईंनी काढून घेतला. पोरीचे ओठ निळे पडल्यावर परत दिला. नाक्यावरच्या कट्ट्यावर बसून विडी ओढणारे म्हातारे तिसरी विडी पेटवून म्हणत होते, "ह्या व्हेपनी पिडी बरबाद झाली." कुणीतरी फुप्फुसं धुऊन काढणारा काढा बाटलीत भरून विकायला लागला, आणि लोक रांग लावून घेत होते. व्हॉट्सअॅपवर निरोप फिरला की उदबत्तीतही तेच विष आहे. बायकांनी देवापुढच्या उदबत्त्या बंद केल्या. आणि या सगळ्या दिवसांत खणात उतरून मेलेल्या पोरासाठी एक माणूस खणापाशी जाऊन उभा राहिला नाही.

'भैरीकृपा' जेटीला बांधलेली होती. घरात सुतक, त्यामुळे होडीला हात लावायचा नव्हता. अजिंक्यला वर काढल्यावर कुणीतरी खणाचं झाकण परत टाकलं होतं आणि खंडूनं स्वतः जाऊन ताडपत्री पुन्हा आवळली होती. मासळी आतच होती. मी हे विसरत नव्हते. घरात कुणी टीव्ही लावला की माझ्या डोळ्यांपुढे ते झाकण यायचं.

दशक्रिया झाली त्या दुपारी खंडू पडवीत बसला होता. बोडकं डोकं, खाली मान. मला त्याची दया येत होती. तरी मी बोलले. मला दया आणि राग एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू!

"खंडू, त्या विनीतला बोलव. सांग त्याला काय झालां ता."

"बाय, गप ऱ्हा," तो म्हणाला. "झालां ता झालां."

"काय झालां? टीव्हीवर तुज्या पोराला गर्दुल्ला म्हनतायत. तुला आयकाय येत नाय?"

"येता. आयकतंय मी."

"मंग?"

त्यानं मान वर केली. डोळे सुजलेले होते. "होडीला बोल लागला तर एक खलाशी चडायचा नाय. मी काय करू मंग? टोपली घेऊ डोक्यावर?"

"आनि पोराला बोल लागला तो?"

त्यानं मान परत खाली घातली. मग म्हणाला, "पोर गेला, बाय. होडी हाय."

मी त्याला मारलं असतं. खरंच सांगते, तो बोडक्या डोक्यानं बसला नसता तर मी भावाला पडवीतच मारलं असतं. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे निघाली. मी विचारलं, होडी कधी काढतोस? म्हणाला, तेराव्यानंतर लगेच. आणि खण? खणातली घाण कोण काढणार?

"भागोजी काडील. भायेर खोल पाण्यात गेल्यावर उतरील. हितं जेटीवर उगाडला तर वास सुटील, लोक इचारतील. तितं कोन बगताय?"

तिथे कोण बघतंय! म्हणजे ज्या खणानं एक नेला त्यात हा दुसरा उतरवणार होता, तेही असा की ओढून काढायला शेजारची होडीही नसेल.

मी भागोजीकडे गेले. जेटीच्या टोकाला जाळं विणत बसला होता. म्हटलं, तुला कळतंय ना, तू दोन पायऱ्यांवरून परत आलास. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "मालकांनी सांगितलांय, सोनूबाय. वारा लागला की जाईल सगळां. येवडी वर्सां काम केलां त्यांच्याकडं, आता नाय कसां म्हनू?" मी म्हटलं, मेलास तर? तर तो म्हणाला, "मंग माज्या खिशात पन कायतरी गावंल." आणि हसला. ते हसणं मला आवडलं नाही, पण त्यात खोटं काही नव्हतं.

मच्छीमार सोसायटीचा चेअरमन रावजी. त्याच्याकडेही गेले. तो म्हणाला, "सोनूबाई, विषय आता फार वर गेलाय. आपण रविवारी जेटीवर व्हेपविरोधी शपथ ठेवली आहे. त्याच दिवशी भैरीकृपा पाण्यात जाईल, तुम्ही नारळ फोडा. किती छान संदेश जाईल!" संदेश! पोराच्या मढ्यावर यांचा संदेश. मी त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला त्याच्याच कागदांवर पालथा केला आणि निघाले.

पण मला हादरवलं ते हिरानं. हिरा माझी भावजय, अजिंक्यची आई. आधीच अबोल बाई, आता तर तोंड उघडतच नव्हती. समाचाराला येणाऱ्या बायका तिच्यापुढे बसून म्हणायच्या, आईनं लक्ष द्यायला हवं, संस्कार कमी पडले, आमच्या घरात बाई असलं चालत नाही. ती ऐकून घ्यायची. तेराव्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याशेजारी भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "वन्सं, तो खोकायचा वो. गणपतीत. मी म्हटलां सर्दी हाय. मना कळाय पायजे व्हतां."

मी तिच्या हातातली तपेली काढून घेतली. "हिरा, त्याला सर्दीच व्हती. मी त्याला काडा दिला मेल्याला, त्यानी कुंडीत ओतला."

"मंग टीव्हीवाले कशाला सांगतील?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखर प्रश्न होता. तिला स्वतःचा मुलगा टीव्हीवर बघून ओळखावा लागत होता. पोटच्या पोराचा मृत्यू तर नेलाच या लोकांनी, आता त्याचं जगणंही उलगडून त्यात व्हेप शोधायला तिला बसवलं होतं. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. विनीतचा, रावजीचा, त्या निवेदिकेचा, माझ्या भावाचा, आणि लहानपणापासून मुकाट पाळलेल्या आमच्या त्या रितीचा.

आमच्या घराण्यात होडी काही कारणानं बसून राहिली की पुन्हा पाण्यात जाताना पहिला मान माहेरवाशिणीचा असतो. मालकाची बहीण येते, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडते, हळदकुंकू वाहते. मोठं संकट येऊन गेलं असेल तर कोंबडाही देते. तोवर कुणी दोर सोडत नाही, आणि ती होडीवर असेपर्यंत तिला कुणी अडवत नाही. ना मालक, ना होडी हाकणारा तांडेल, ना चेअरमन. रावजीला वाटत होतं मी त्याच्या संदेशासाठी येणार आहे. मी माझ्या मानासाठी गेले.

रविवारी जेटी भरून गेली होती. शाळेची पोरं ओळीत उभी केलेली, त्यांच्या हातात काळी फुप्फुसं काढलेले पुठ्ठे. एका घमेल्यात जप्त केलेल्या नळ्या. रावजी माइकवर शपथ सांगत होता, विनीत मोबाइल उंच धरून सगळं थेट दाखवत होता. मुंबईच्या एका चॅनेलची गाडीही आली होती. मी नवं लुगडं नेसून आले. कमरेला कोयता, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात टोपली, तिच्यात आमच्या घरचा लाल कोंबडा. धडधाकट कोंबडा. टोपलीतून मान काढून तो शपथेच्या मध्येच आरवला आणि पोरं हसली.

"ह्या त्याच्या आत्या," विनीत मोबाइलला सांगत होता. "व्यसनाच्या राक्षसाला बळी देऊन..."

मी फळीवरून होडीवर चढले. खंडू नाळेपाशी उभा होता, भागोजी मागे इंजिनाशी. हिरा जेटीवर बायकांच्या घोळक्यात. मी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, कुंकू लावलं. मग कोंबड्याची टोपली उचलली आणि नाळ सोडून सरळ खणाकडे गेले.

"बाय, हितं," खंडू म्हणाला. "कोंबडा हितं द्येतात."

"मान माजा हाय. मी सांगन तितं," मी म्हटलं, आणि कोयत्यानं ताडपत्रीची दोरी कापली.

खंडू दोन पावलं पुढे आला आणि थांबला. सगळ्या जेटीसमोर माहेरवाशिणीचा हात धरायची त्याची छाती झाली नाही. मी भागोजीला हाक मारली, म्हटलं झाकण सरकव आणि तुझं तोंड वाऱ्याकडे ठेव. त्यानं मालकाकडे बघितलं नाही. पायानं झाकण ढकललं, टोपलीपुरतं. असा वास वर आला की पुठ्ठे घेतलेली पोरं मागे सरली. मी टोपलीच्या कड्याला बादलीचा दोर बांधला आणि कोंबडा खणात सोडला.

रावजीची शपथ अर्ध्यावर थांबली होती. आत एकदा पंख फडफडले. मग आणखी एकदा, हळू. मग काही नाही. नुसता होडीला बडवणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. मी दोर ओढला. टोपली वर आली तेव्हा कोंबड्याची मान बाहेर लोंबत होती. मी त्याला पाय धरून उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरून ठेवलं.

रडू येत होतं, पण मी रडले नाही, ओरडले. "बगा! डोळे उगडून बगा! ह्याच्या खिशात काय व्हतां सांगा! ह्यो कुटल्या कॉलेजात जायाचा? ह्याचे संस्कार कमी पडले? माज्या अजिंक्यला ह्या खणानी मारलां. ह्या होडीनी मारलां. मी बोल लावतंय होडीला. माज्या भावाच्या होडीला मी बोल लावतंय!"

बायकांमधून कुणीतरी "अगो बाय" म्हटलं. आणि विनीत, तो विनीत फळीपर्यंत पुढे आला, नाकाला रुमाल लावून, माइक माझ्याकडे करून म्हणाला, "ताई, म्हणजे बोटीत लपवलेल्या व्हेपच्या साठ्यातून गळती झाली, असा आपला आरोप आहे का?"

मी मेलेला कोंबडा त्याच्या माइकवर फेकला. मला त्याचा अजून पश्चात्ताप नाही.

खंडू खणाच्या तोंडाशी गेला. मला वाटलं झाकण लावतोय. भागोजीनं धावत जाऊन त्याला मागून धरलं, कारण तो आत वाकून बघत होता. मग तो तिथेच फळ्यांवर बसला आणि जेटीकडे तोंड करून बोलायला लागला. कॅमेऱ्याशी नाही, माझ्याशी नाही, घोळक्यातल्या हिराशी.

"तो बोललावता मना," तो म्हणाला. "म्हनाला, आबा, येगळा वास येतोय, वाईच थांबूया. मी म्हटलां, मासळीचा वास न्हाय तर काय अत्तराचा येनार? जा, उतर. मीच म्हटलां, उतर."

हिरा घोळक्यातून पुढे आली. मला वाटलं ती त्याला काहीतरी टाकून बोलेल, बोलायला हवं होतं. ती फळीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजे तो शुदीत व्हता. त्याला सगळां कळत व्हतां." एवढंच. मग खाली बसून ती मोठ्यानं रडली. अजिंक्यला घरी आणलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

'भैरीकृपा' त्या दिवशी सुटली नाही. भागोजी होडीवरून उतरला आणि जेटीवर हिराच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, जाऊन बसला.

संध्याकाळी टीव्हीवर मी दिसले. जेमतेम काही सेकंद. हात वर, हातात कोंबडा, तोंड उघडं, आवाज बंद केलेला. खाली पट्टी होती, 'व्हेपविरोधात रत्नागिरीच्या रणरागिणीचा आक्रोश, कोंबड्याचा बळी देऊन शपथ.' मी टीव्ही बंद केला. फोडणार होते, पण तो भावाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर इतकी दुर्गंधी सुटली की मासळी बाजारातल्या बायकांनीही पदर नाकाला लावले. मी जेटीवर गेले. एकूण एक होडीचे खण उघडे होते. कुणी कुणाशी काही बोलत नव्हतं. कुणी शिडाच्या कापडानं खणात वारा घालत होतं, कुणी पंप लावून पाणी मारत होतं, आणि आत कुणीच उतरत नव्हतं. होडीला बोल लावायचा नसतो म्हणणारे तेच लोक. 'भैरीकृपा'वर खंडू वरूनच लांब दांड्याच्या जाळीनं मासळी उपसत होता, आणि त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराचं टोक भागोजीच्या हातात होतं.

हिरा जेटीच्या कठड्यावर बसली होती. तिच्या आजूबाजूला सगळ्यांची नाकं झाकलेली. तिनं पदर लावला नव्हता. मी शेजारी जाऊन बसले तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. विनीत. कोंबडा विसरून गेला होता निर्लज्ज. "काकी, बंदरावर दुर्गंधी पसरलीय, नागरिक हैराण आहेत. मच्छीमारांची बाजू म्हणून दोन वाक्यं द्या ना."

मी शिवी द्यायला तोंड उघडलं. हिरानं हात पुढे करून फोन घेतला.

"मी अजिंक्यची आई बोलतंय," ती म्हणाली. "ह्यो वास माज्या पोराला आलावता. त्यानी सांगितलांवता. लिही."

पलीकडून विनीत काहीतरी विचारत होता. तिनं ऐकलं नाही. फोन मला परत दिला आणि त्या उघड्या खणांकडे बघत बसून राहिली.